सव्वा कोटींची रांग आणि सहा हजार सहा

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेलेली माणसं सुमारे सव्वा कोटी. आकडा वाचला की डोळा पुढच्या ओळीवर सरकतो, कारण सव्वा कोटी म्हणजे नक्की किती ते आपल्या डोक्यात शिरतच नाही. म्हणून ही सगळी माणसं आपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याच्या एसटी स्टँडसमोर, मुंबई-गोवा महामार्गावर, एकामागे एक उभी करू. दोघांत अर्ध्या मीटरचं अंतर, म्हणजे जवळजवळ खेटूनच. रांगेचं तोंड मुंबईकडे.

लांजा ते मुंबई साधारण साडेतीनशे किलोमीटर. रांग मुंबईला पोचते, वळून लांज्याला येते, पुन्हा मुंबईला जाते. अशा जवळजवळ अठरा खेपा झाल्या की शेवटचा माणूस उभा राहतो. रांगेची लांबी सव्वासहा हजार किलोमीटर.

त्यातले सुमारे 18 लाख वाटेतच मेले. बहुतेकांचे मृतदेह समुद्रात ढकलून दिले गेले. फक्त त्यांचीच रांग केली तर ती लांज्याहून मुंबई गाठून परत लांज्याला येते आणि पुन्हा निघून महाडच्या आसपास संपते.

हे आकडे हवेतले नाहीत. इतिहासकारांनी बंदरांच्या वह्या, विम्याचे कागद, कप्तानांच्या नोंदी धुंडाळून 36 हजारांहून जास्त सफरी एकेक करून नोंदवल्या. 1514 ते 1866 असा साडेतीनशे वर्षांचा हा हिशेब. सरासरी काढली तर साडेतीन शतकं, एकही दिवस सुट्टी न घेता, रोज 97 माणसं जहाजावर चढवली गेली. या वह्यांत जहाजाचं नाव सापडतं, कप्तानाचं सापडतं, किती नग चढवले आणि किती उतरवले तेही सापडतं. नगांची नावं बहुतेक ठिकाणी नाहीत.

उत्तर अमेरिकेत यांतले थेट उतरवले गेले ते चार लाखांच्या आतच. पण गुलाम बाईचं मूल जन्मतःच गुलाम, असा कायदा असल्यामुळे 1860 च्या जनगणनेत अमेरिकेतल्या गुलामांची संख्या भरली 39,53,760. आणलेल्यांच्या दहापट माणसं जन्मानं गुलाम झाली.

आता खरा प्रश्न. यांतल्या किती जणांनी स्वतःची गोष्ट स्वतः सांगितली?

मॅरियन विल्सन स्टार्लिंग नावाच्या विदुषीनं 1946 साली याची मोजदाद केली. 1703 ते 1944 या काळातली पुस्तकं, पुस्तिका, कोर्टातल्या जबान्या, चर्चच्या नोंदी, वर्तमानपत्रांतली पत्रं, म्हातारपणी दिलेल्या मुलाखती, जिथे जिथे गुलामाचा आवाज गुलामाच्या तोंडून ऐकू येतो ते सगळं तिनं जमेला धरलं. संख्या आली 6,006. आपल्या रांगेच्या मापानं ती तीन किलोमीटर भरते. लांज्याहून निघालेली ही रांग अंजणारीच्या पुलापर्यंतसुद्धा जात नाही. स्वतंत्र पुस्तक म्हणावं अशा, गुलामीच्या काळात छापलेल्या कहाण्या तर शंभराच्या आसपास. ती रांग पन्नास मीटरची. स्टँडच्या आवारातच मावते.

काटेकोर वाचक म्हणेल की ही तुलना पुरती बरोबर नाही. सव्वा कोटी हा नेलेल्यांचा आकडा आहे, आणि लिहिणाऱ्यांतले बहुतेक त्यांचे नातू-पणतू. खरं आहे. पण मग जन्मानं गुलाम झालेले सगळे मिळवावे लागतील आणि रांग आणखी लांबेल. नुसती 1860 ची शिरगणती धरली तरी 658 माणसांमागे एक आवाज, असं प्रमाण पडतं. इतके कमी का?

कारण गुलामाला लिहायला शिकवणं हा गुन्हा होता. साउथ कॅरोलायनानं 1740 सालीच गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला 100 पौंड दंड ठरवला होता. नॉर्थ कॅरोलायनाचा 1830 चा कायदा तर दरपत्रकासारखा वाचता येतो. गोऱ्या माणसानं गुलामाला वाचायला-लिहायला शिकवलं तर 100 ते 200 डॉलर दंड किंवा तुरुंग. स्वतंत्र काळ्या माणसानं शिकवलं तर दंड, तुरुंग किंवा 20 ते 39 फटके. गुलामानं गुलामाला शिकवलं तर सरळ 39 फटके. आकडेमोड शिकवायला मात्र त्या कायद्यानं मुभा ठेवली होती. पोती मोजायला गुलाम लागतच होता. त्यानं पत्र लिहू नये आणि परवाना वाचू नये, एवढंच मालकाला हवं होतं. साडेएकोणचाळीस लाखांत लिहिता-वाचता येणारे किती, याचा अंदाज शेकडा पाच ते दहाच्या आसपासचा आहे. फटक्यांचा दर माहीत असताना ते पाच टक्के शिकले कसे, याचं मला जास्त नवल वाटतं.

फ्रेडरिक डग्लसचं उदाहरण घ्या. बाल्टिमोरच्या मालकिणीनं त्याला मुळाक्षरं शिकवायला घेतली. नवऱ्याच्या कानावर जाताच धडे बंद. पोरगं रस्त्यावर खेळणाऱ्या गरीब गोऱ्या मुलांना पकडायचं. खिशात घरच्या पावाचे तुकडे. एक तुकडा दिला की एक शब्द शिकायचा. गोरी पोरं भुकेली होती आणि या गुलामाच्या मालकाघरी पाव मुबलक होता. ही अदलाबदल त्यानं पुढे स्वतःच लिहून ठेवली. 1838 साली तो पळाला आणि 1845 साली त्याचं सव्वाशे पानांचं आत्मकथन आलं. पहिल्या चार महिन्यांत पाच हजार प्रती गेल्या, 1860 पर्यंत तीस हजारांच्या घरात.

पुस्तक गाजलं आणि लेखकाच्या जिवावर उठलं. त्यानं मालकाचं नाव छापलं होतं, त्यामुळे मालकाला त्याचा पत्ता लागला. डग्लसला इंग्लंड गाठावं लागलं. शेवटी तिथल्या मित्रांनी वर्गणी काढून 1846 साली त्याला मालकाकडून विकत घेतलं आणि मोकळं केलं. किंमत 711 डॉलर 66 सेंट. लेखकाला मानधन मिळतं की नाही यावर आपल्याकडे परिसंवाद होतात. इथे लेखकाचीच पावती फाडली गेली, तीही पैशांपर्यंत चोख.

हॅरिएट जेकब्जचे आकडे आणखी अंगावर येतात. ती त्याच नॉर्थ कॅरोलायनाची. लहानपणी एका मालकिणीनं तिला अक्षरओळख करून दिली होती. पुढे दुसऱ्या मालकाच्या जाचाला कंटाळून ती 1835 साली निसटली. त्यानं शंभर डॉलरचं बक्षीस लावलं. ती लपली होती आजीच्याच घरात, पडवीवजा खोलीच्या छपराखालच्या माळ्यावर. नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सगळ्यात उंच जागी तीन फूट. उताराचं छप्पर, म्हणजे कडेला तेवढीही उंची नाही. उभं राहणं शक्य नव्हतं. कुशीवर वळायचं तर डोकं आढ्याला लागायचं. त्या खबदाडात ती जवळजवळ सात वर्षं राहिली. सामत्यानं पाडलेल्या इंचभर भोकातून उजेड यायचा. त्या उजेडात ती वाचायची, शिवायची, आणि खाली अंगणात खेळणारी स्वतःची दोन मुलं बघायची. आई डोक्यावरच आहे, हे मुलांना ठाऊक नव्हतं.

आणि तिथूनच तिनं मालकाला पत्रं लिहिली. पत्रावर पत्ता न्यूयॉर्कचा. विश्वासातल्या माणसाकरवी ती उत्तरेत पाठवून तिकडच्या टपालातून टाकली जायची. मालक तिला धुंडाळत थेट न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आला. ती होती त्याच्या गल्लीत, फर्लांगभराच्या आत. अक्षर येत नसतं तर हा डाव तिला टाकताच आला नसता. माळ्यावर जाण्याआधी तिनं आणखी एक गुन्हा केला होता. पन्नाशी उलटलेल्या एका काळ्या म्हाताऱ्याला चोरून वाचायला शिकवलं होतं. दर आधीच सांगितला आहे, 39 फटके.

तिचं पुस्तक 1861 साली टोपणनावानं निघालं. त्यानंतर शंभरावर वर्षं विद्वान मंडळी ठामपणे सांगत राहिली की ही कादंबरी असणार, गोऱ्या बाईनं लिहिलेली. एका गुलाम बाईला इतकं चांगलं लिहिता येतं, हे मान्य व्हायला 1980 चं दशक उजाडावं लागलं. जीन फॅगन येलिन या अभ्यासक बाईंनी जेकब्जची पत्रं शोधून, ताडून, 1987 साली पुराव्यानिशी आवृत्ती काढली. सात वर्षं माळ्यावर आणि सव्वाशे वर्षं दुसऱ्याच्या नावावर!

हे सगळं अमेरिकेतलं. आपला त्यात काय संबंध, असं वाटत असेल तर नाशिकला जाऊ.

नाशिकमधला शरणपूर रोड पुष्कळांनी पाहिलेला आहे. तिथे चर्च मिशनरी सोसायटीनं 1850 च्या दशकात ख्रिस्ती वसाहत उभी केली. पुढे तिथे आफ्रिकी मुलामुलींसाठी आश्रम आणि शाळा सुरू झाली. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडायचं. सुटका झालेली पोरं मुंबईत उतरवली जायची आणि त्यांतली काही शरणपूरला यायची. गोदावरीकाठी, मराठी मुलखात, ही पोरं सुतारकाम-लोहारकाम शिकली, इंग्रजी लिहायला शिकली. इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणतात.

त्यांतला एक जेकब वेनराइट. याओ जमातीचा. लहानपणी पकडून विकलेला, समुद्रावर सुटलेला, नाशकात शिकलेला. ब्रिटिश संशोधक-मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टनच्या मदतीला 1872 साली जी माणसं आफ्रिकेत पाठवली गेली त्यांत शरणपूरची सहा जणं होती. 1873 च्या मे महिन्यात आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. बरोबरच्या आफ्रिकी माणसांनी ठरवलं की साहेबाचा देह त्याच्या देशात पोचवायचा. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकबनं, आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानंच. मग देह वाळवून, साल आणि कापडात गुंडाळून, खांद्यावरून चालत निघाले. हिंदी महासागराचा किनारा सुमारे दीड हजार किलोमीटर दूर, म्हणजे आपल्या मापानं लांजा-मुंबईच्या चार खेपांहून जास्त. पायी, मधे आजार, मारामाऱ्या आणि भूक. नऊ महिने लागले.

या प्रवासाची रोजनिशी जेकब वेनराइटनं ठेवली. त्या शेवटच्या प्रवासाची आफ्रिकी माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेली ती एकमेव रोजनिशी. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला पुरलं तेव्हा पेटी धरणाऱ्यांत जेकब होता. सरदार-दरकदारांच्या पंक्तीत नाशिकच्या शाळेतला एक माजी गुलाम.

रोजनिशीचं जर्मन भाषांतर त्याच वर्षी छापलं गेलं. मूळ इंग्रजी मजकूर संपादित होऊन पुस्तकात यायला 2007 साल उजाडलं. 133 वर्षं. जेकब स्वतः 1892 मध्ये आजच्या टांझानियात वारला. त्याच्याच तुकडीतल्या कॅरस फॅरारनंही आपली हकिगत लिहून ठेवली आहे. म्हणजे शरणपूरच्या त्या सहा जणांतले दोघे लिहून गेले. अमेरिकेतलं 658 ला एक हे प्रमाण आठवा आणि इथलं तिघांमागे एक हे पाहा. शाळा मिळाली की प्रमाणात किती फरक पडतो, याचा एवढा लहान आणि एवढा ठसठशीत नमुना मला दुसरा माहीत नाही. या ‘बॉम्बे आफ्रिकन्स’पैकी शंभराहून जास्त जणांना 1875 च्या सुमारास मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउन या वसाहतीत नेण्यात आलं. गावाला नाव मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर याचं. याच फ्रेअरनं 1841 च्या सुमाराचा अंदाज केला होता की ब्रिटिशांच्या आणि त्यांच्या मांडलिकांच्या हिंदुस्थानात 80 ते 90 लाख गुलाम असावेत. अंदाज खरा धरला तर त्या वेळी आपल्याकडचे गुलाम अमेरिकेतल्या गुलामांच्या तिपटीहून जास्त भरतात. 1843 च्या कायद्यानं कोर्टांनी गुलामीची दखल घेणं बंद केलं आणि कागदावर तरी प्रश्न मिटला.

कागदाबाहेर तो मिटला नाही हे ज्यांनी स्वच्छ सांगितलं त्यांत जोतीराव फुले अग्रभागी. 1873 साली त्यांनी पुस्तकाला नावच दिलं ‘गुलामगिरी’, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांना मोकळं केलं म्हणून. अमेरिकेतली गुलामी कायद्यानं संपून त्या वेळी जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुण्याच्या माणसाला ती बातमी आपल्या घरची वाटली, यातच सगळं आलं.

पण फुल्यांच्याही आधी, 1855 साली, त्यांच्याच शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’च्या दोन अंकांत, 15 फेब्रुवारी आणि 1 मार्चला, छापून आला होता. वय कुणी अकरा सांगतं, कुणी चौदा. इमारतीच्या पायात महार-मांगांना गाडणं, तालीमखान्यासमोरून गेला म्हणून मुंडकं उडवून त्याचा चेंडू करणं, अशा पेशवाईतल्या गोष्टी ती शांतपणे मांडते आणि मग विचारते की ज्या धर्मात आम्हाला जागा नाही तो आमचा कसा. डग्लसचं दुसरं आत्मकथन त्याच 1855 सालचं. तो एव्हाना जगप्रसिद्ध झालेला, आणि ही शाळकरी पोर. दोघांना एकमेकांचा पत्ताही नसणार.

अस्पृश्यता म्हणजे गुलामीच का, यावर वाद घालता येतो. बाबासाहेबांनी तो घातला आहे, आणि त्यांचं उत्तर गोड नाही. गुलामाला किंमत असते, म्हणून मालक निदान त्याला जगवतो. अस्पृश्याला कुणी विकत घेतलेलंच नसतं, म्हणून तो मेला तरी कुणाचं नुकसान होत नाही. 1946 साली त्यांनी अमेरिकेतले काळ्यांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निग्रोंच्या अर्जाच्या प्रती मागवल्या. या दोन रांगा शेजारी-शेजारी उभ्या आहेत असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही वाटतं. फरक एवढाच की आपल्याकडे शिकू नये म्हणून 39 फटक्यांचा कायदा करायची गरजच पडली नाही. रूढीनं ते काम फुकटात केलं. 1882 च्या सुमाराला मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळांत खालच्या मानलेल्या जातींची मुलं शेकडा एकाहूनही कमी होती. कॉलेजात शून्य.

त्या शून्यातून पहिली वाट निघाली ती पलटणीतून. शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लिहा-वाचायला शिकवण्याची सोय लष्करात होती. गोपाळबाबा वलंगकर असे पलटणीत राहून आलेले. त्यांनी 1888 साली विटाळाविरुद्ध पुस्तिका छापली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आंबडवे हे सकपाळांचं मूळ गाव. त्या घरातले सुभेदार रामजी लष्करी शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. त्यांचा मुलगा 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. शून्य ते कोलंबिया, एकतीस वर्षं.

त्या मुलानं, म्हणजे बाबासाहेबांनी, सलग आत्मचरित्र लिहिलं नाही. वीसेक पानांच्या इंग्रजी टिपणांत काही प्रसंग लिहून ठेवले, ते 1990 साली पुस्तिकेच्या रूपात आले आणि आज कोलंबियातच शिकवले जातात. त्यातला 1901 चा मसूर स्टेशनवरचा प्रसंग मी पुनःपुन्हा वाचतो. सुट्टीत वडिलांना भेटायला निघालेली नवे कपडे घातलेली चार मुलं. न्यायला कुणी आलेलं नाही. पोरं महारांची आहेत कळल्यावर गाडीवाला मिळेना. शेवटी एक जण तयार झाला तो या अटीवर की भाडं दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूनं चालणार. रात्रभर शिदोरी जवळ होती आणि पाणी कुठेच मिळालं नाही, म्हणून चौघं उपाशी झोपली. विटाळाचा भाव काय होता याचा हा पक्का हिशेब आहे.

आता स्वतंत्र भारताचे आकडे. 1961 च्या जनगणनेत अनुसूचित जातींमधली साक्षरता 10.27 टक्के, आणि बायकांची 3.29. शंभरातल्या सत्त्याण्णव बायांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही, असा तो काळ. नेमक्या त्याच सुमाराला फलटणमध्ये किराणा दुकान चालवणारी, चौथीपर्यंत शिकलेली एक बाई पुड्या बांधायला आलेले रद्दीतले कागद वाचत होती आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा चोरून लिहीत होती. बेबी कांबळे. वह्या नवऱ्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून तिनं त्या सुमारे वीस वर्षं लपवल्या. घरातही लिहिणं चोरीचंच होतं! 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते लेखन क्रमशः आलं, 1986 मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. जेकब्जचा माळा आणि बेबीताईंचं दुकान यांत सव्वाशे वर्षं आणि दोन समुद्रांचं अंतर आहे, पण लपवाछपवीची तऱ्हा तीच.

आणि मग बांध फुटला. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978, प्र. ई. सोनकांबळेंचं ‘आठवणींचे पक्षी’ 1979, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ 1980, शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ आणि कुमुद पावडेंचं ‘अंतःस्फोट’ 1981, शरणकुमार लिंबाळेंचं ‘अक्करमाशी’ 1984, शांताबाई कांबळेंचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ 1986, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ 1987. ही यादी पुरी नाही. हाताशी आली तेवढीच नावं घेतली, तरी एका दशकात मराठी आत्मचरित्राचा चेहरा बदललेला दिसतो. तोवर आपल्याकडे आत्मचरित्र म्हणजे न्यायमूर्तींचं किंवा नटाचं.

आमच्या जिल्ह्याचा वाटा त्यात उशिरा आला, पण भरघोस आला. ऊर्मिला पवार फणसवळ्याच्या, रत्नागिरी तालुक्यातल्या. वडील शिक्षक, ते मुलगी तिसरीत असताना गेले. मुलांनी शिकलं पाहिजे हा धोशा मात्र मागे ठेवून गेले. आईनं बांबूची सुपं-टोपल्या विणून पोरं शिकवली. ‘आयदान’ 2003 साली आलं. डोक्यावर लाकूडफाट्याचा भारा घेऊन डोंगर चढ-उतार करत रत्नागिरीच्या बाजाराला चालत जाणाऱ्या बाया त्यात आहेत. लांजा-राजापुरात अशा वाटा तुडवलेल्या बाया प्रत्येक वाडीत होत्या. फणसवळ्याच्या बायांचं लिहिलं गेलं, कारण त्यांच्यातल्या एकीला शाळा मिळाली. याच ऊर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर आधी एक काम केलं होतं. आंबेडकरी चळवळीतल्या वयस्क बायांना गाठून, घरोघर बसून, त्यांच्या तोंडून हकिगती लिहून घेतल्या. त्याचं पुस्तक ‘आम्हीही इतिहास घडवला’, 1989.

आणखी दोन आकडे. 1951 मध्ये महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. बाबासाहेबांबरोबरचं 1956 चं धर्मांतर मधे झालं, आणि 1961 मध्ये ती 27 लाख 89 हजारांवर गेली. दहा वर्षांत अकराशे पट. दुसरा 2011 चा. देशातल्या बौद्धांची साक्षरता 81.29 टक्के, देशाच्या एकूण सरासरीपेक्षा जास्त. अनुसूचित जातींमधली बायकांची साक्षरता 3.29 वरून पन्नास वर्षांत 56.46 वर आली. मोजणीचं वय मधे बदललं आहे, तरी झेप लहान होत नाही.

आता लिहिता येणारे पुष्कळ आहेत. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे ते मात्र झपाट्यानं कमी होत आहेत.

अमेरिकेत हा हिशेब लोकांच्या लक्षात आला तेव्हा गुलामी संपून सत्तर वर्षं झाली होती. 1936 ते 1938 मध्ये मंदीच्या काळात बेकार लेखकांना काम म्हणून सरकारनं सतरा राज्यांत पाठवलं. त्यांनी 2,300 हून जास्त माजी गुलामांच्या कहाण्या टिपल्या, पाचशे फोटो काढले. सांगणाऱ्यांतले दोन-तृतीयांश ऐंशीच्या पुढचे होते. तेव्हा हयात असलेल्या माजी गुलामांचे ते शेकडा दोन. बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के न सांगताच गेले. शिवाय मुलाखत घेणारे बहुतेक गोरे असल्यामुळे पुष्कळ म्हाताऱ्यांनी जपूनच तोंड उघडलं असणार. तरीही आज ती हजारो पानं नसती तर स्टार्लिंगच्या 6,006 मधला मोठा लचका तुटला असता.

1956 साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. लाखभर वस्तीच्या लांजा तालुक्यात अशी माणसं किती असतील, तुम्हीच गावागावाचा अंदाज करा. खोताची वेठ ज्यांनी आई-बापाला करताना पाहिली, शाळेत ज्यांना ओटीखाली बसवलं, विहिरीवर ज्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं गेलं, धर्मांतरानंतर घरातले देव ज्यांच्यादेखत नदीत सोडले गेले, ती माणसं अजून अंगणात बसलेली आहेत. लेखक पाठवायला सरकारची गरज नाही. प्रत्येक घरात फोन आहे. साध्या प्रतीचं एक तासाचं ध्वनिमुद्रण साठ एमबीच्या आत मावतं. अमेरिकेतल्या त्या 2,300 जणांशी प्रत्येकी तासभर बोलणं झालं असतं, तर ते सगळं आज बाजारात मिळणाऱ्या 256 जीबीच्या एका मेमरी कार्डात बसून जवळजवळ निम्मी जागा उरली असती.

तेव्हा येत्या मे महिन्यात मुंबईहून गावी याल तेव्हा आजी-आजोबांची, शेजारच्या काका-काकींची परवानगी घ्या आणि फोन चालू करून समोर ठेवा. शाळेत कुठे बसवत, पाणी कोण वाढी, पहिलं अक्षर कुणी गिरवून घेतलं, मुंबईला पहिल्यांदा कोण गेलं, एवढंच विचारा आणि मधे बोलू नका. बोलणाऱ्याचं नाव, वाडी, गाव, वय आणि तारीख सुरुवातीला स्वतःच्या आवाजात सांगा, नाहीतर वीस वर्षांनी कुणालाच ओळख पटणार नाही. प्रत दोन ठिकाणी ठेवा, आणि सांगणाऱ्याची हरकत नसेल तर एक गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात द्या. यंदाच करा. पुढच्या मे महिन्याला यांतली सगळी माणसं असतीलच असं नाही.